समोरची डबी की वरून बसणारी बॉबिन?

बॉबिन म्हणजे खालच्या दोऱ्याची छोटी रीळ; काही मशीनांत ती डबीत घालून समोरून बसवतात, काहींत वरून खाचेत टाकतात. घरगुती शिलाई मशीन निवडताना वरच्या दोऱ्याचा मार्ग पाहून निर्णय होत नाही, कारण तो या दोन्ही प्रकारांत जवळपास सारखाच असतो. दोन्हींत प्रेसर फूट (कापड दाबून धरणारा पाय) उचलूनच दोरा ओवावा लागतो. तो खाली असला की टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याचा ताण राखणाऱ्या, चकत्या मिटलेल्या राहतात, दोरा त्यांच्यामध्ये शिरत नाही आणि कापडाखाली गुंता होतो. बिचाऱ्या बॉबिनला त्याचा दोष उगाच दिला जातो. खरा फरक खालच्या दोऱ्यात आहे.

वरून बसणारी बॉबिन सोपी आहे, यात वाद नाही. ती खाचेत टाकली की काम झाले, शिवाय पारदर्शक झाकणातून किती दोरा उरला आहे तेही दिसते. समोरच्या डबीत मात्र दोरा संपल्याचे बहुधा रिकामी टीप पडल्यावरच कळते. डबी बसवताना 'टक्' असा आवाज आला नाही, तर ती निसटून सुई मोडण्याचीही भीती असते.

तरीही माझे मन डबीकडे झुकले, त्याला एकच कटकट कारणीभूत ठरली. वरून बसणाऱ्या बॉबिनचा दोरा एका बारीक चिरेतून टेन्शनच्या पट्टीखाली न्यावा लागतो. तो तिथून निसटला, तरी वरून सगळे जागच्या जागी दिसते आणि मशीनही मुकाट्याने चालते. एकदा गोधडीची अख्खी किनार शिवून झाल्यावर खालचा दोरा वर ओढला जाऊन सैल पडल्याचे मला दिसले, आणि ती उसवण्यात शिवण्याहून जास्त वेळ गेला. डबीची परीक्षा मात्र बसवण्याआधी हातातच होते: दोरा धरून ती लोंबकळत ठेवायची, ती घसरत खाली गेली तर टेन्शन सैल, आणि हलका झटका दिल्यावर थोडीशीच उतरली तर ठीक.

नजर अधू असेल किंवा शिवणे अधूनमधूनच होत असेल, तर वरची बॉबिन कदाचित अधिक सोयीची ठरेल. पण झाकण लावण्याआधी दोरा हलकेच ओढून पाहावा: बहुतेक मशीनांत बॉबिन घड्याळाच्या उलट दिशेने फिरली पाहिजे आणि हाताला किंचित ओढ जाणवली पाहिजे. ती जाणवली नाही, तर दोरा पट्टीखाली गेलेला नाही असे समजावे.