काळ्या मातीतलं जस्त आणि इंदूरचे क्ष-किरण: दीड वर्ष वापरल्यावर

परभणीकडची आमची जमीन काळी, खोल, चुनखडीची. सामू आठच्या वर. अप्पा झिंक सल्फेट टाकतात, तरी सोयाबीनची कोवळी पानं शिरांच्या मधे पिवळी पडतात. "टाकलेलं झिंक जातंय कुठं?" हा त्यांचा प्रश्न घेऊनच मी पीएचडीला लागले.

माती परीक्षणातल्या डीटीपीए या रसायनाच्या पद्धतीनं पिकाला मिळण्याजोगं जस्त मोजता येतं. किलोला ०.६ मिलिग्रॅमच्या खाली गेलं की कमतरता धरतात. पण बाकीचं जस्त चुन्याला चिकटलंय, लोहाच्या ऑक्साइडला की चिकणमातीला, हे त्यातून कळत नाही. म्हणून एक्स-रे शोषण वर्णपटाची, म्हणजे आम्ही रोज म्हणतो त्या एक्सएएसची वाट धरली. प्रस्ताव मंजूर झाल्यावर रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं धुळे, सेंधवा करत इंदूर गाठलं.

तिथल्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-२ हे सिंक्रोट्रॉन, म्हणजे क्ष-किरण मिळवून देणारं मोठं यंत्र आहे. १७२.५ मीटर परिघाच्या कड्यात २.५ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टचे इलेक्ट्रॉन फिरतात आणि चुंबकांनी वळवले की क्ष-किरण सोडतात. बीएल-०९ या बीमलाइनवर, म्हणजे किरण बाहेर काढून प्रयोगाला देणाऱ्या वाटेवर, सिलिकॉनच्या दोन स्फटिकांनी त्यातली एकच ऊर्जा निवडतात आणि ती थोडी थोडी वाढवत नेतात. जस्ताची कडा ९६५९ इलेक्ट्रॉनव्होल्टला येते. तिथं शोषण एकदम चढतं. त्या चढाचा आकार जस्ताच्या शेजारी कोणते अणू आहेत त्यावर ठरतो. हच, म्हणजे नमुना ठेवायची बंदिस्त खोली, रिकामा असल्याची खात्री करून दार बंद केलं, शटर उघडलं आणि आपल्याच शेतातल्या मातीची रेघ पडद्यावर वर चढताना पाहिली, तो क्षण मी विसरणार नाही.

पण पहिली फेरी अर्धी वाया गेली आणि चूक माझीच होती. मातीतलं जस्त किलोला मिलिग्रॅममध्ये मोजण्याइतकं थोडं, त्यामुळे तिचं मोजमाप फ्लुरोसन्सनं, म्हणजे जस्त स्वतः परत सोडतं ते किरण मोजून करायचं हे ठाऊक होतं. काळ्या मातीत लोह भरपूर, त्याच्या ६.४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या किरणांनी डिटेक्टर तुंबतो. पुढं ॲल्युमिनियमची पातळ पत्री लावली तेव्हा लोह बरंच दबलं, ८.६ चं जस्त तुलनेनं कमी. इथवर ठीक. घोटाळा झाला प्रमाण नमुन्यांत, म्हणजे तुलनेसाठी मोजायच्या जस्ताच्या ओळखीच्या संयुगांत. झिंक ऑक्साइडची टिकिया मी अंदाजानं केली आणि ती जाड झाली. पारगमन पद्धतीत, म्हणजे आरपार गेलेले किरण मोजताना, जाड टिकियेचं शिखर चपटं येतं. परत आल्यावर अथीना या संगणक प्रणालीत मातीची रेघ प्रमाणांच्या मिश्रणाशी जुळवू लागले, तर काहीच पटेना. तीन आठवडे मी मातीलाच दोष देत होते.

दुसऱ्या वेळी प्रत्येक प्रमाणाचं वजन आधी हिशोबानं काढलं, कडेशी शोषणाची उडी साधारण एक यावी असं. अकीकाच्या खलात सेल्युलोजबरोबर अर्धा-अर्धा तास घोटलं. टिकिया उजेडासमोर धरून बारीक भोकं पाहिली, तडा गेलेली फेकून दिली. मातीही ओव्हनमध्ये १०५ अंशांवर न वाळवता सावलीत वाळवली, कारण उष्णतेनं जस्ताचं रूप बदलू शकतं. प्रत्येक स्कॅनबरोबर जस्ताची पत्री मोजली, म्हणून ऊर्जा सरकली तरी लगेच लक्षात येई.

आमच्या नमुन्यांत मोठा वाटा कार्बोनेटशी जुळला. पण या एकट्या जुळणीवर मी पैज लावणार नाही. प्रमाणांच्या यादीत जे रूप नाही ते उत्तरात येणारच नाही आणि दोन जवळची रूपं सहज एकमेकांत मिसळतात. म्हणून मातीचे रासायनिक अंश वेगळे काढून तपासणीही सोबत केली. नव्यानं जाणाऱ्यांना सांगेन, मातीचे नमुने चार कमी न्या, पण प्रमाणं पूर्ण न्या.

अप्पांना सांगितलं, जस्त चुन्यानं धरून ठेवलंय, मुळांना सुटत नाही. त्यांनी विचारलं, मग पानावरच द्यावं का. या खरिपात अर्ध्या एकरावर अर्धा टक्का झिंक सल्फेट, चुना मिसळून, फवारलंय. शेजारची पट्टी तशीच ठेवलीय. दोन्हीकडची माती शेडमध्ये सावलीत वाळतेय.