इंग्रजी भविष्यकाळाचा ऑनलाइन अभ्यासक्रम : एक अभिप्राय

भविष्यकाळ म्हणजे ‘विल’ आणि ‘शॅल’ एवढेच शाळेत शिकलेल्या माझ्यासारख्याला हा अभ्यासक्रम मनापासून आवडला. मराठीत ‘जाईन’, ‘करेन’ अशी भविष्यकाळाची स्वतंत्र क्रियापदरूपे आहेत; इंग्रजीत तशी नाहीत, म्हणून तिथे बोलणाऱ्याचा हेतू पाहून रचना निवडावी लागते, हे पहिल्याच धड्यात उलगडते. फोन वाजताच ‘आय विल गेट इट’ म्हणणे हा त्या क्षणी घेतलेला निर्णय असतो, तर काळे ढग पाहून ‘इट इज गोइंग टू रेन’ म्हणणे हा समोरच्या खुणेवरून बांधलेला अंदाज असतो. ठरलेल्या भेटीसाठी येणारे ‘आय ॲम मीटिंग हर टुमारो’ तर आपल्या ‘मी उद्या तिला भेटतोय’ या वाक्याच्या किती जवळचे आहे! ‘इफ इट विल रेन’ ही माझी जुनी चूकही इथेच सुटली, कारण अशा अटीच्या उपवाक्यात ‘रेन्स’ हा साधा वर्तमानकाळच हवा. ‘फ्युचर परफेक्ट’ (पुढच्या एखाद्या वेळेपर्यंत क्रिया पूर्ण झालेली असेल, हे सांगणारा काळ) मात्र घाईने उरकला आहे. शिवाय ‘विल’ आणि ‘गोइंग टू’ दोन्ही चालतील अशा ठिकाणीही स्वाध्यायात एकच उत्तर बरोबर धरले जाते, ते तातडीने सुधारायला हवे.