इंग्लिश ओपनिंग शिकायचीय? आधी लिचेसचं स्टडी फीचर वापरून बघा

जुलै २०२५ मध्ये दिव्या देशमुखनी जॉर्जियातल्या बाटुमीला कोनेरू हंपीला हरवून चेसचा महिला वर्ल्ड कप जिंकला तेव्हापासून आपल्या नागपुरात चेस क्लासची नुसती गर्दी आहे, रौनक साधवानी न् संकल्प गुप्ता तर त्याच्या आधीपासूनचे ग्रँडमास्टर. आनंदाचीच गोष्ट आहे, पण इथल्या टूर्नामेंटमध्ये आता समोर बसलेल्या लहान पोरालाही इटालियन, सिसिलियन अशा ओपनिंगच्या, म्हणजे डावाच्या ठरलेल्या सुरुवातींच्या, लाईन्स तोंडपाठ असतात, आणि ऑफिस सांभाळून खेळणाऱ्या माणसाला तेवढं पाठांतर झेपत नाही. म्हणून मी पांढऱ्याकडून पहिली चाल सी४ (सी रांगेतलं प्यादं दोन घरं पुढे; नुसतं घराचं नाव दिलं की चाल प्याद्याची), म्हणजे इंग्लिश ओपनिंग घेतली आणि ती लिचेस या चेसच्या वेबसाईटवर शिकलो. त्याचाच हा रिव्ह्यू.

पैशाचं आधीच सांगून टाकतो, सगळं फुकट आहे, जाहिराती नाहीत, प्रीमियम बिमियम काही नाही, डोनेशनवर चालतं.

खरी कामाची गोष्ट म्हणजे स्टडी, म्हणजे चाली मांडून ठेवायची आपली ऑनलाईन वहीच. एका स्टडीत ६४ चॅप्टर करता येतात, प्रत्येक चालीखाली आपल्या शब्दात लिहिता येतं, बाण काढता येतात, आणि चॅप्टर इंटरॅक्टिव्ह लेसन मोडवर टाकला की चाल आपल्यालाच शोधावी लागते. इंग्लिशला हे इतकं चपखल बसतं कारण या ओपनिंगमध्ये पाठ करायच्या चाली कमी न् समजून घ्यायचे प्लॅन जास्त. सी४, घोडा सी३, जी३, उंट जी२, एवढं झालं की प्यादं, घोडा न् उंट तिघं मिळून डी५ चं घर धरून ठेवतात, पुढचं सगळं काळा काय मांडणी करतो त्याच्यावर. त्यानी ई५, जी६, उंट जी७, डी६ असं लावलं आणि एफ५ ढकलत आपल्या राजाकडे यायला लागला तर आपण घाबरून बचाव करत बसायचं नाही, हत्ती बी१ वर आणून बी प्यादं बी४, बी५ असं ढकलत वजीराच्या बाजूनी घुसायचं, कारण जी२ च्या उंटाची नजर तिकडेच असते. त्यानी सी५ करून आपलीच नक्कल केली तरी ए३, हत्ती बी१, बी४ हा प्लॅन बऱ्याचदा चालतो. जुना वर्ल्ड चॅम्पियन बॉटविनिक याची मांडणी मला सगळ्यात आवडते, सी४ बरोबर डी३, ई४ आणि दुसरा घोडा ई२ वर, म्हणजे एफ४ ला वाट मोकळी, फक्त डी४ चं घर कायमचं कमजोर होतं ते मान्य करूनच खेळायचं. आणि काळ्यानी ई६, डी५ केलं तर डी४ करून सरळ क्वीन्स गॅम्बिट किंवा कॅटलान या दुसऱ्या ओपनिंगमध्ये जाता येतं.

असा प्रत्येक मांडणीला एक चॅप्टर करा. पहिल्या चॅप्टरला मी फिशर-स्पास्की १९७२ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिप मॅचचा सहावा डाव ठेवलाय. फिशर म्हणजे पक्का ई४ वाला माणूस, त्या दिवशी सी४ खेळला, डाव क्वीन्स गॅम्बिटमध्ये नेला आणि असा जिंकला की स्पास्कीनी स्वतः टाळ्या वाजवल्या. सी४ लवचिक आहे म्हणजे नेमकं काय, हे या एका डावात दिसतं. दुसरा ठेवायचा तो सेव्हिलच्या १९८७ च्या कास्पारोव्ह-कार्पोव्ह वर्ल्ड चॅम्पियनशिप मॅचचा चोविसावा डाव, कास्पारोव्हला किताब राखायला जिंकणंच भाग होतं आणि तरी त्यानी सी४ नी शांतपणे सुरुवात केली, घाई न करता दाब वाढवत नेला. किती वेळा बघितला तरी मन भरत नाही.

ओपनिंग एक्सप्लोरर, म्हणजे कुठल्या पोझिशनला लोक काय चाल खेळले ते दाखवणारं टूल, पण मस्त आहे पण फक्त मास्टर्सचा टॅब बघू नका, लिचेसच्या टॅबवर जाऊन आपल्या रेटिंगचा फिल्टर लावा. आपल्या लेव्हलला लोक सी४ ला लगेच डी५ पण करतात, मग आपण मारायचं, वजीर बाहेर आला की घोडा सी३ करून त्याला हाकलायचं, फुकटात एक चाल मिळते. इंग्लिशमधून आलेले कोडे वेगळे सोडवता येतात, तेही रोज थोडे करावे.

कमी काय आहे तर दोन गोष्टी. तयार पब्लिक स्टडी कोणीही टाकू शकतं त्यामुळे दर्जा एकसारखा नाही, काहींत नुसत्या चाली आहेत, कारण एकाही चालीचं नाही. आणि इंजिन, म्हणजे चाली तपासणारा कॉम्प्युटर. अशा शांत पोझिशनमध्ये कोण किती वरचढ हे दाखवणारा त्याचा आकडा जागचा हलत नाही, चार चाली जवळपास सारख्याच दाखवतं, बी४ का करायचं हे काही सांगत नाही. त्याच्यासाठी जाणकार माणूसच लागतो. म्हणून ओपनिंग शिकताना इंजिन बंद ठेवा बाप्पा, डाव खेळून झाल्यावर लावा.

अगदी नवीन पोरांना मात्र मी इंग्लिश देणार नाही, त्यांनी आधी ई४ खेळून मारामारी शिकावी, टॅक्टिक्स पक्के झाले की मग इकडे या. मोठ्यांनी बिनधास्त सुरू करावं. मे महिन्यात दुपारी बाहेर पडायची सोय नसतेच, आम्ही काही जण घरी कूलरसमोर बसून एकच अनलिस्टेड स्टडी चालवतो, लिंक असेल त्यालाच दिसते, हरलेला डाव ज्याचा त्यानी चॅप्टर म्हणून टाकायचा आणि प्लॅन कुठे सुटला ते बाकीच्यांनी खाली लिहायचं.