कॉपी ट्रेडिंग सर्व्हिस: लीडरला २०.५ टक्के, मला उणे १ टक्का

मी कोथरूडला दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते, त्यामुळे कुठलाही आकडा दिसला की तो कशाला भागून आलाय हे बघायची सवय आहे. जून २०२५ मध्ये पोस्टातली आरडी मॅच्युअर झाली आणि धाकटे दीर, जे हिंजवडीला फेज २ मध्ये आहेत, ते म्हणाले वहिनी, ६० हजार या कॉपी ट्रेडिंगमध्ये टाकून बघा, मी टाकलेत. सर्व्हिसचं नाव लिहीत नाही कारण मला कुणाशी भांडायचं नाहीये, पण दोन महिने वापरून जे दिसलं ते सगळं लिहितेय, पैसे टाकायच्या आधी वाचा.

प्रकार सोपा आहे. एक लीडर असतो, तो निफ्टीचे ऑप्शन (निफ्टी वर जाईल की खाली यावरचे सौदे, त्यांच्या भावाला प्रीमियम म्हणतात) घेतो-विकतो, आणि तुमचं ट्रेडिंग खातं जोडलेलं असलं की तोच ट्रेड तुमच्या खात्यात आपोआप लागतो. लॉट म्हणजे ठरलेल्या नगांचा एक गठ्ठा, त्याहून कमी घेता येत नाही. लीडर १० लॉट घेतो, मी १ लॉट. फी महिना २,५०० अधिक १८ टक्के जीएसटी म्हणजे २,९५०. सेटअप खरंच छान, अर्ध्या तासात झालं, फोनवरचा मुलगा नीट बोलला, मराठीत बोलला. तेवढ्यासाठी पूर्ण मार्क.

आता जुलैचा हिशोब. ॲपवर लीडरचा परतावा दिसत होता २०.५ टक्के. एका लॉटमागे १६४ पॉइंट (एक पॉइंट म्हणजे भावातला एक रुपया), तेव्हा निफ्टीचा लॉट ७५ नगांचा होता, म्हणजे १२,३०० रुपये, भागिले ६०,०००. आकडा खोटा नाही, मी सगळे ४१ ट्रेड तपासले. पण तो लीडरच्या खात्याचा आकडा आहे, माझ्या नाही, आणि तोही खर्च वजा न करता.

एक ट्रेड सांगते म्हणजे लक्षात येईल. सकाळी साडेनऊच्या आत, लीडरची खरेदी ११८.४० ला, माझी १२०.१०. मध्ये फक्त दोन-तीन सेकंद गेले, पण त्या वेळेला प्रीमियम इतका पळत असतो, शिवाय माझ्यासारख्या सगळ्यांच्या मार्केट ऑर्डर, म्हणजे मिळेल त्या भावाला घ्या अशा, एकाच ऑप्शनवर एकाच वेळी येऊन आदळतात, मग जो विकायला बसलाय तो भाव वर नेणारच ना. विकताना तेच उलटं, लीडर १२६ ला बाहेर, मी १२४.९५ ला. त्याचे ७.६० पॉइंट म्हणजे ५७० रुपये, माझे ४.८५ म्हणजे ३६४, त्यातून ६४ रुपये खर्च गेला, हातात ३००. आणि हा चांगला ट्रेड होता.

ते ६४ कुठून येतात तेही बघा, संध्याकाळी ब्रोकरकडून कॉन्ट्रॅक्ट नोट येते त्यात सगळं असतं. घेताना २० आणि विकताना २० ब्रोकरेज, त्यावर जीएसटी, एक्सचेंजचे चार्जेस, विक्रीच्या प्रीमियमवर तेव्हा ०.१ टक्का एसटीटी म्हणजे सरकारचा व्यवहार कर, चिमूटभर स्टॅम्प ड्युटी. यात खरी मेख ब्रोकरेजची आहे. २० रुपये हे ऑर्डरमागे आहेत, लॉटमागे नाहीत. लीडर १० लॉटवर २० देतो म्हणजे लॉटला २ रुपये पडले, मी १ लॉटवर तेच २० देते. ट्रेड तोच, आणि दहापट ब्रोकरेज मला. महिन्याच्या फीचंही तेच, ६० हजारांवर २,९५० म्हणजे महिन्याला जवळपास ५ टक्के, आधी तेवढे कमवा मग तुमचा पहिला रुपया सुरू.

अजून एक गोष्ट मला पहिले दोन आठवडे कळलीच नव्हती. लीडर पहिल्या टार्गेटला ५ लॉट विकायचा आणि उरलेले ५ पुढे न्यायचा. माझा लॉट एकच, त्याचा अर्धा कसा विकणार, ॲप ती ऑर्डर सरळ सोडून द्यायचं. मग भाव खाली आला की लीडरच्या निम्म्या मालावर तरी १२ पॉइंट सुटलेले असायचे आणि मी घेतलेल्या भावाला बाहेर.

तर जुलै असा झाला: १२,३०० मधून उशिरामुळे ७१ पॉइंट गेले, अर्धी विक्री न जमल्याने २७, मिळून ९८ म्हणजे ७,३५०. खर्च २,६२४. उरले २,३२६, त्यातून फी २,९५०. उणे ६२४.

ऑगस्टमध्ये मी सेटिंग बदलून लिमिट ऑर्डर लावली, म्हणजे सांगितलेल्या भावापेक्षा महाग घ्यायचंच नाही, म्हटलं लीडरच्याच भावाला घेऊ. ३८ पैकी ११ ट्रेड लागलेच नाहीत, आणि त्या ११ पैकी ९ मध्ये लीडर फायद्यात होता. मी रविवारी वही घेऊन बसले तेव्हा कारण दिसलं. भाव वर पळाला तर माझी ऑर्डर मागे राहते, भाव पडायला लागला की ती हमखास लागते. म्हणजे तोट्याचे ट्रेड जवळपास सगळे माझ्याकडे येणार आणि फायद्याचे निसटणार. हे मला सगळ्यात जास्त लागलं, कारण सेटिंगच्या पानावर लिमिट ऑर्डरला ‘सुरक्षित’ असं लिहिलंय.

कस्टमर केअरला मी एकच विचारलं, फॉलोअर्सच्या खात्यात सगळं वजा जाता सरासरी काय पडतं ते दाखवा. तो डेटा शेअर करत नाही म्हणाले. अहो, सगळ्यांच्या ऑर्डर तुमच्याच सिस्टीममधून जातात, तुमच्याकडे नसेल तर कुणाकडे असेल?

सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये अभ्यास दिला होता, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओमध्ये, म्हणजे फ्युचर्स आणि ऑप्शनमध्ये, ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात, आणि शेवटच्या वर्षी माणशी सरासरी २६,००० रुपये नुसत्या व्यवहाराच्या खर्चात. तेव्हा वाचून सोडून दिलं होतं, आता माझ्या कॉन्ट्रॅक्ट नोटा समोर ठेवल्यावर तो २६,००० कसा होतो ते दिसतं.

काही बाहेरच्या फॉरेक्सवाल्या ॲपवर फी नाही, नफ्यातला वाटा घेतात, ते ऐकायला बरं वाटतं. पण एका महिन्यात १०,००० मिळाले त्यातले २० टक्के दिले, पुढच्या महिन्यात १०,००० गेले, तर दिलेले २,००० परत येत नाहीत. जुना तोटा भरून निघेपर्यंत वाटा घेणार नाही, म्हणजे ज्याला हाय वॉटर मार्क म्हणतात, ते कलम आहे का बघा. आणि त्याही आधी रिझर्व्ह बँकेच्या अनधिकृत फॉरेक्स प्लॅटफॉर्मच्या अलर्ट लिस्टमध्ये नाव आहे का ते बघा.

माझ्याकडून ५ पैकी २ स्टार, दोन्ही सेटअप आणि बोलण्या-वागण्याचे. सप्टेंबरची फी भरली नाही. दीर अजून आहेत त्यात, २ लॉटवर, निदान अर्धी विक्री त्यांना जमते. या रविवारी जेवायला येतायत, त्यांना म्हटलंय दोन महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्ट नोटा प्रिंट करून आणा, लीडरच्या आकड्यांशेजारी लावून बघू.