निळा घोडा, नऊशे डॉलर आणि पायावरचा घासलेला शिक्का

अमेरिकेतल्या मराठी घरांत घोडेवेडी मुलं बरीच आहेत, त्यातही मुली जास्त. खरा घोडा पाळायची सोय नाही आणि ऐपतही नाही, मग ब्रेयरचे प्लास्टिकचे घोडे घरात येतात. पहिला वाढदिवसाला, दुसरा नाताळात, आणि बघता बघता पुस्तकांचं कपाट रिकामं करून तिथे तबेला होतो. तोवर सगळं खेळण्याच्या दुकानातलं असतं, वीस-पन्नास डॉलरांत भागतं. पुढे लेकीला कळतं की आपल्या जन्माआधी निघालेले, आता न मिळणारे घोडे लोक हजार-हजार डॉलरला विकतात. तिथून पुढचा रस्ता जपून चालायचा आहे. आम्हाला तिथेच फसवलं गेलं, म्हणून हे लिहितोय.

ज्यांना हा छंद ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ब्रेयर ही मुळात शिकागोची प्लास्टिकच्या वस्तू बनवणारी कंपनी. १९५० मध्ये तिने एका घड्याळवाल्या कंपनीसाठी, घड्याळाशेजारी उभा करायला, एक घोडा बनवला. लोकांना घड्याळापेक्षा घोडाच आवडला आणि कंपनीचा धंदाच पालटला. १९८४ मध्ये न्यू जर्सीच्या रीव्हज कंपनीने ती विकत घेतली. मोठे घोडे खऱ्याच्या एक नवमांश मापाचे असतात, सेल्युलोज ॲसिटेट या प्लास्टिकचे. दर जुलैत केंटकीत लेक्सिंग्टनच्या हॉर्स पार्कमध्ये ब्रेयरफेस्ट हा घोडेवेड्यांचा मेळावा भरतो, १९९० पासून. आम्ही सिनसिनाटीजवळ राहतो, गाडीने दीडेक तासाची वाट, त्यामुळे आमची वारी ठरलेली. हॉटेलांत तर पाहण्यासारखी गंमत असते. लोक आपापल्या खोल्यांची दारं सताड उघडी ठेवतात, पलंगांवर घोडे मांडलेले, आणि रात्री उशिरापर्यंत गिऱ्हाइकं या खोलीतून त्या खोलीत. तुळशीबागेत घासाघीस करायची सवय असलेल्या माणसाला तिथे अजिबात परकं वाटत नाही.

आणि मग शो. लांबच लांब टेबलांवर घोडे मांडायचे, प्रत्येकाच्या पायाला चिठ्ठी, शेजारी हा कुठल्या जातीचा घोडा म्हणून दाखवतोय त्याची माहिती. परीक्षक एकेक टेबल बघत जातात. कारखान्यातून निघाला तसाच असलेला घोडा, रंग किंवा अवयव बदललेला घोडा, कलाकाराने घडवलेला रेझिनचा घोडा, अशा वेगवेगळ्या विभागण्या असतात. मान्यताप्राप्त शोमध्ये वर्गात पहिला-दुसरा आला की उत्तर अमेरिकेच्या राष्ट्रीय शोसाठी पात्रतेचं कार्ड मिळतं. काही शोमध्ये दुर्मिळपणावरही गुण असतात. तिथे घोडा किती देखणा यापेक्षा तो किती जुना, किती कमी निघाला आणि किती जपला हे बघतात. चौदा वर्षांच्या माझ्या लेकीचा जीव त्या वर्गात अडकला.

त्या वर्गातले राजे म्हणजे डेकोरेटर घोडे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीने खऱ्या घोड्याला कधीच नसतात असे रंग काढले: वेजवूड म्हणजे सपाट निळा, कोपनहेगन म्हणजे निळ्यावर पांढुरके ठिपके, गोल्डन चार्म म्हणजे सपाट सोनेरी आणि फ्लोरेंटाइन म्हणजे सोनेरीवर ठिपके. दिवाणखान्यातल्या सजावटीला शोभतील ही कल्पना. मुलांना निळा घोडा नको होता आणि मोठ्यांना खेळण्यातला घोडा नको होता, त्यामुळे ते फारसे खपले नाहीत आणि लवकरच बंद झाले. खपले नाहीत म्हणूनच आज त्यांना ही किंमत आहे.

संग्राहकांच्या एका ऑनलाइन गटात एक बाई कोपनहेगन रंगातला मस्टँग विकत होत्या, म्हणजे पुढचे पाय उचललेला रानटी घोडा. भाव नऊशे डॉलर. बाजारभावापेक्षा कमी, पण संशय यावा इतका कमी नाही. हा आकडा फार विचार करून ठरवलेला असतो, हे मला आता पटलंय. दोनशे म्हटलं असतं तर कुणी ढुंकून पाहिलं नसतं.

आम्ही चौकशी केली नाही असं नाही. बाईंचं खातं जुनं होतं, शोमधले फोटो होते. ओळखीच्या दोन गिऱ्हाइकांची नावं त्यांनी आपणहून दिली. दोघींनीही आम्हाला भरभरून लिहिलं. पोटाखालचा आणि मागच्या पायाच्या आतला फोटो मागितला, तोही आला, अगदी झकास उजेडात. शेवटी आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी घोड्यापुढे ठेवून फोटो मागितला. तो मात्र लांबून काढलेला, चिठ्ठी स्पष्ट आणि मागचा घोडा धूसर. ‘फोन जुना आहे’ असं उत्तर. पुढे याच फोटोने आमचे निम्मे पैसे वाचवले, त्याबद्दल सांगतोच.

पैशांची वेळ आली तेव्हा बाई म्हणाल्या, निम्मे वस्तूच्या खरेदीचे म्हणून पाठवा आणि निम्मे मित्र-नातेवाइकांना पाठवतो तसे. म्हणजे माझी थोडी फी वाचेल आणि तुम्हालाही संरक्षण राहील. फी वाचली की टपालखर्च माझ्याकडून. ऐकायला किती समजूतदार! सगळेच पैसे दुसऱ्या मार्गाने मागणाऱ्याला आजकाल कुणीही ओळखतो. निम्मे मागणारा आपल्याच बाजूचा वाटतो. पैसे पाठवायच्या ॲपमध्ये ज्या रकमेवर खरेदी असं लिहिलेलं नाही, त्या रकमेला खरेदीचं संरक्षण लागू होत नाही, बाकी काही म्हणा. झेलसारख्या बँकेतून थेट बँकेत पैसे पाठवणाऱ्या सेवेतून पाठवलेले पैसे तर रोख हातात दिल्यासारखेच.

पार्सल वेळेवर आलं, सुरेख बांधलेलं. लेक दोन दिवस हवेत होती. माझ्या बायकोने मात्र खोका उघडल्या उघडल्या विचारलं, याला वार्निशचा वास कसा येतोय?

आमच्या भागात एक सत्तरीच्या बाई आहेत, पन्नास वर्षं घोडे जमवणाऱ्या, शोमध्ये परीक्षकही असतात. घोडा त्यांना दाखवायला नेला. त्यांनी आधी तो नाकाशी नेला. मग दिव्याखाली आडवा धरला, उजेड तिरपा पडेल असा, आणि मागच्या पायाच्या आतल्या अंगावर लेकीचं बोट टेकवलं. तिथे कंपनीचा गोल शिक्का होता, आणि त्याच्याखाली नखाएवढा भाग बाकीच्यापेक्षा जास्तच गुळगुळीत. तिरप्या उजेडात त्यात बारीक, एकाच दिशेचे ओरखडे दिसले. सँडपेपरचे. वरून चकाकी फासलेली.

त्याचा अर्थ असा. साधारण १९७० पासून ब्रेयरने बऱ्याच साच्यांवर गोल शिक्क्याबरोबर यू.एस.ए. ही अक्षरंही घातली. ती अक्षरं असलेला घोडा त्याच्या आधी बंद झालेल्या रंगात कारखान्यातून निघणं शक्यच नाही. सत्तरच्या दशकातला साधा मस्टँग थोड्या डॉलरांत मिळतो. त्याच्या पायावरची अक्षरं घासायची, निळा रंग द्यायचा, ठिपके काढायचे, की झाला कोपनहेगन. परीक्षक बाईंनी अतिनील (यूव्ही) किरणांची छोटी टॉर्च मारली तेव्हा घासलेला भाग आणि खूर बाकीच्या अंगापेक्षा वेगळेच चमकले. दुसरा दाखला आम्हीच शोधला. जाहिरातीतल्या फोटोत घोड्याच्या डाव्या कानाच्या टोकाचा रंग उडालेला आहे. आमच्या घोड्याचा कान धडधाकट. कोपनहेगनच्या ठिपक्यांची नक्षी प्रत्येक घोड्यावर वेगळी पडते, आणि ही नक्षी त्या फोटोतली नव्हतीच. तो फोटो कुठल्यातरी जुन्या लिलावातला, खऱ्या घोड्याचा होता.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या, कारण सगळी मेख तिच्यात आहे. पैसे घेऊन काहीच न पाठवणारा चोर मूर्ख असतो. ट्रॅकिंगमध्ये पार्सल दिसत नाही आणि तक्रार सहज निकाली निघते. हुशार चोर काहीतरी पाठवतो. ट्रॅकिंगवर ‘पोहोचलं’ असं येतं, खोक्यात निळा घोडा असतो, आणि मग भांडण उरतं ते खरा की खोटा याचं. ते कोण ठरवणार? तक्रार बघणाऱ्या माणसाला दोन्ही निळे घोडे सारखेच. वर या छंदात घोडे पुन्हा रंगवणं ही मानाची कला आहे, रंगवून विकणारे उत्तम प्रामाणिक कलाकार शेकड्याने आहेत, त्यामुळे नुसतं ‘हा रंगवलेला आहे’ म्हटल्याने काहीच सिद्ध होत नाही.

आमच्या तक्रारीला विक्रेत्या बाईंचं उत्तर आलं की मी खराच घोडा पाठवला, यांनीच तो बदलून आता खोटा पुढे केलाय. चोराच्या उलट्या बोंबा! अशा वेळी माणूस हादरतो, कारण आपण तो बदलला नाही हे दाखवणार कसं? तेव्हा तो चिठ्ठीवाला धूसर फोटो कामी आला. लेकीने तो मोठा करून घोड्याच्या मागच्या अंगावरचे ठिपके मोजले, कमी-जास्त उजेड करून पाहिले. शेपटीच्या मुळाशी तीन ठिपके एकमेकांत मिसळून एक पट्टा झालाय. तोच पट्टा आमच्याकडच्या घोड्यावर आहे आणि जाहिरातीतल्या फोटोत नाही. म्हणजे पाठवायच्या आधीपासून विक्रेत्या बाईंच्या टेबलावर हाच घोडा होता. तिन्ही फोटो शेजारी शेजारी लावून पाठवले. खरेदी म्हणून दिलेले साडेचारशे परत मिळाले. बाकीचे साडेचारशे गेले ते गेलेच.

त्या दोन गिऱ्हाइकांचं काय, असं पुष्कळांनी विचारलं. मागे जाऊन पाहिलं तर दोन्ही खात्यांनी आजवर एकाच विक्रेतीचं कौतुक केलेलं, दुसऱ्या कुणाशी कधी व्यवहार नाही, कुठल्या शोच्या निकालांत नाव नाही. विक्रेता स्वतःहून देतो ती नावं साक्षीदार म्हणून धरू नका. त्याने गेल्या वर्षी कुठल्या शोमध्ये काय दाखवलं ते विचारा, आणि तो शो भरवणाऱ्याला विचारा. ही मंडळी बोलकी असतात. आमच्या परीक्षक बाईंना तर एक प्रश्न विचारला की तासाची निश्चिंती.

घोडा महाग असेल तर फोटोंवर जाऊ नका, व्हिडिओ कॉल मागा. उन्हात, खिडकीशी, घोडा हातात घेऊन फिरवायला सांगा, आणि कुठला पाय दाखवायचा ते आयत्या वेळी तुम्ही सांगा. जाहिरातीतला फोटो टाकून इंटरनेटवर शोध (रिव्हर्स इमेज सर्च) करून बघा, तो याआधी कुठे आलाय ते कळतं. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ लेबलपासून सलग काढा. आमच्याकडे तो असता तर ठिपके मोजत बसावं लागलं नसतं. पेपालवर वस्तू वर्णनाप्रमाणे नसल्याची तक्रार पैसे दिल्यापासून १८० दिवसांच्या आत करता येते, पण बहुधा वस्तू ट्रॅकिंगसह परत पाठवावी लागते. पुण्या-मुंबईतून मागवणाऱ्यांनी हा परतीचा खर्च आधीच हिशेबात धरावा, कधीकधी तो घोड्यापेक्षा जड जातो. अमेरिकेत असाल तर एफटीसी या ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या सरकारी संस्थेकडे आणि एफबीआयच्या आयसी३ या इंटरनेट गुन्ह्यांच्या तक्रार केंद्राकडे नोंद करा. तेवढ्याने पैसे परत येतात असं नाही, पण एकाच माणसाविरुद्ध तक्रारी साठल्या तर त्यांना काहीतरी धागा मिळतो.

रेझिनच्या घोड्यांत वेगळा धोका आहे आणि माझ्या मते तो जास्त वाईट. कलाकार मूळ घोडा घडवतो, त्याच्या मोजक्या प्रती काढतो. कुणीतरी त्यातली एक घेऊन तिचा सिलिकोनचा साचा काढतो आणि चोरट्या प्रती स्वस्तात विकतो. यात घेणारा फसतोच, पण ज्याने महिनोन्महिने खपून घोडा घडवला त्याच्याही तोंडाला पानं पुसली जातात. चोरटी प्रत मुळापेक्षा किंचित लहान भरते, नाकपुड्या आणि शिरा बोथट येतात, कानांत बुडबुडे राहतात. बऱ्याच शोमध्ये तिला मज्जाव असतो. मूळ माप आणि एकूण किती प्रती निघाल्या हे कलाकाराला विचारलं की बहुतेक वेळा आनंदाने सांगतात. चिनी मातीच्या जुन्या घोड्यांत तुटलेला पाय जोडून ‘अखंड’ म्हणून खपवतात; तिथेही ती यूव्ही टॉर्च न्या, पंधरा डॉलरला मिळते. ब्रेयरफेस्टच्या हॉटेलातल्या खोल्यांत तर ती हवीच, पलंगाशेजारच्या पिवळ्या दिव्यात सगळेच घोडे देखणे दिसतात.

आणि मुलांचे व्यवहार मुलांवर सोडू नका. गटांत तेरा-चौदा वर्षांच्या मुली परस्पर घोडे विकतात-घेतात, आईबापांना पार्सल आल्यावर कळतं. विक्रेत्याने लेकीला ‘ठेवून घेते तुझ्यासाठी, आज रात्रीपर्यंत कळव’ असं लिहिलं की ती रात्रभर जागी. उत्तर आपण द्यायचं, आणि दुसऱ्या दिवशी.

तो निळा मस्टँग आमच्याकडेच आहे. पैसे परत करताना तो परत मागितला गेला नाही. लेकीने त्याच्या पोटावर न पुसणाऱ्या शाईने ‘पुन्हा रंगवलेला’ असं लिहिलंय, म्हणजे आमच्या नंतर तो कुणाच्याही हाती लागला तरी कोपनहेगन म्हणून विकला जाणार नाही. रंगकाम बाकी चांगलं आहे. प्रामाणिकपणे विकला असता तर त्या हाताला शंभर-दीडशे डॉलर सहज मिळाले असते.

त्या बाई आता दुसऱ्या नावाने, दुसऱ्या गटात आहेत असं आमच्या परीक्षक बाईंनी कळवलं. या वेळी जाहिरात निळ्या मस्टँगचीच आहे, भाव साडेआठशे, आणि फोटोही तोच. कुणाच्या पुढे ती आली तर डावा कान मोठा करून बघा. टोकाचा रंग उडालेला असेल.