साखरपुड्याला काय घ्यायचं: डिझायनर लेहंग्याची कॉपी, सेमी पैठणी की कोशाची करवत?

माझ्या भाचीचा साखरपुडा मे महिन्यात आहे, नागपुरात, आणि तोही लॉनवर. म्हणजे संध्याकाळी सात वाजता सुद्धा खालून वाफा आणि वरून हॅलोजन. हे आधीच सांगून ठेवते कारण पुढचा अर्धा हिशोब याच्यावरच आहे. बजेट २५ हजार, शिलाई सकट. पोट्टीच्या फोनमध्ये तीन फोटो. पहिला धरमपेठेतल्या एका बुटीकचा लेहंगा, मोठ्या डिझायनरचा डिट्टो, २२ हजार. दुसरी सीताबर्डीवरच्या दुकानातली सेमी पैठणी, साडेचार हजार. तिसरी कोशाची (टसर रेशमाची) करवतकाठी, म्हणजे काठावर करवतीसारखे दात असलेली साडी, १४ हजार, जी तिने स्वतः निवडलीच नव्हती, आजीने म्हणजे माझ्या आईने मध्येच घुसवली होती.

"मावशी तू सांग ना, कोणतं घेऊ?" म्हणे. मी आठ-दहा वर्षांपासून साड्यांच्या तीन-चार ग्रुपवर आहे म्हणून घरातले मला त्यातली डॉक्टर समजतात. दोन रविवार आम्ही दोघी फिरलो, हात लावून पाहिलं, उलटं करून पाहिलं. जे कळलं ते इथे टाकून राहिली, कारण लग्नसराई आली की हाच प्रश्न कोणी ना कोणी विचारतेच.

आधी लेहंगा, कारण तिचा जीव तिथेच अडकला होता. फिकट गुलाबी, बारीक फुलं, २०१७ च्या डिसेंबरात अनुष्का शर्माने इटलीत लग्नाला डिझायनर सब्यसाचीचा घातला होता ना, त्याच खानदानातला. त्या मूळ लेहंग्याला ६७ कारागीर आणि ३२ दिवस लागले असं तेव्हा सांगितलं गेलं होतं. मी दुकानातच फोनवर गुणाकार केला, २१४४ माणूस-दिवस. आता समोरचा २२ हजारांचा लेहंगा खरंच तसाच बनवला असेल तर एका माणसाला दिवसाचे दहा रुपये पडले, आणि त्यात कापड फुकट, दुकानाचं भाडं फुकट! भाची हसली पण हसण्यावारी नेऊ नका, "सेम टु सेम आहे मॅडम" ऐकलं की एवढा एक गुणाकार करून पाहायचा.

मग मी त्याचा घेर उलटा केला. अस्तर वर केलं तर भरतकामाच्या मागे पांढरा कागदासारखा कडक कपडा, फुलाच्या कडेकडेने फाडून काढलेला आणि पाकळ्यांच्या कोपऱ्यात तसाच अडकून राहिलेला. हे कम्प्युटर मशीनचं काम. आणि गंमत म्हणजे प्रत्येक फुलात डावीकडून तिसऱ्या पाकळीला एकच टाका सुटलेला, कंबरेपासून खालपर्यंत सगळ्या फुलांत तोच टाका तिथेच. त्याच दुकानात अड्ड्यावर (कापड ताणून बसवायची लाकडी चौकट) हाताने केलेला एक दुपट्टा होता, त्याच्या मागे गाठी लहानमोठ्या, एक फूल जरा तिरपं, जरदोसीची तार कुठे घट्ट कुठे सैल. हाताने चुकणारा माणूस दर वेळी नवीन ठिकाणी चुकतो.

आता कोणी म्हणेल कॉपी घेणं बेकायदेशीर आहे का. माझ्या होणाऱ्या जावईबापूंच्या भावाने हेच म्हटलं, पोलीस येतील म्हणे. बाप्पा, तसं काही नाही, पण फरक समजून घ्या. ब्रँडचं नाव किंवा चिन्ह लावून खोटा माल विकणं हा १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यात गुन्हा आहे, सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड, विकणाऱ्याला. म्हणजे सब्यसाचीचं वाघाचं बक्कल असलेला तो बेल्ट जो सगळीकडे लटकलेला दिसतो तो सरळ या भानगडीत येतो. नाव न लावता नुसता तसाच दिसणारा लेहंगा हा मामला जास्त धूसर. डिझाईन रजिस्टर होऊ शकत होतं पण केलं नाही, आणि मालकाने किंवा त्याच्या परवानगीने ते औद्योगिक पद्धतीने ५० पेक्षा जास्त वेळा काढलं, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ प्रमाणे त्यावरचा कॉपीराइटच संपतो. म्हणून बुटीकवाले "कॉपी" हा शब्द तोंडातून काढत नाहीत, "इन्स्पायर्ड" म्हणतात. आम्ही लेहंग्यासोबतचा बेल्ट नको म्हटलं आणि त्याने लगेच हजार रुपये कमी केले, त्यावरून काय ते समजा.

माझी लेहंग्याला हरकत कॉपी म्हणून नाहीच. ओरिजिनल लाखांत आहे, आमच्या घरात कोणी घेणार नाही, मग त्याच्याशी तुलना करून फायदा काय. हरकत वेगळी आहे. कपडा पॉलिस्टर नेट, आत कॅनकॅन (घेर फुगवायची कडक जाळी), त्याच्या आत अजून एक अस्तर, आणि महिना मे. भाचीने दहा मिनिटं घातला, ट्रायल रूममध्ये एसी होता तरी नाकावर घाम. वर २२ हजार देऊन घालणार किती वेळा, दोन, फार तर तीन. विकायला काढला तर कोणी पाच हजारही देत नाही.

पॉलिस्टरवरून आठवलं, २०२१ मध्ये सब्यसाचीने एचअँडएम या परदेशी कपड्यांच्या ब्रँडसोबत कलेक्शन काढलं तेव्हा सगळं मिनिटांत संपलं होतं, त्यात एक साडी ९,९९९ ची, पॉलिस्टर जॉर्जेटची. हस्तकलेवाले चिडले कारण राजस्थानच्या सांगानेरी छपाईसारखं दिसणारं काम मशीनवर छापलेलं आणि सांगानेरच्या कारागिरांना त्यात काही नाही. ते बरोबरच होतं. पण आमच्या एका ग्रुपवर राग भलत्याच गोष्टीचा निघत होता, की आता "कोणीही" सब्यसाची घालणार. हे "कोणीही" लिहिणारी बाई स्वतः इतवारीच्या बाजारातून घासाघीस करून कापड घेते, मला पक्कं माहीत आहे.

सेमी पैठणीकडे वळते, आणि इथे मला माझीच एक गोष्ट सांगावी लागेल. चार वर्षांपूर्वी ग्रुपवर एका काकूंनी फोटो टाकला, भिशीच्या पैशातून घेतलेली पैठणी, मोरपंखी, पदरावर मोर, काकू इतक्या खुश. आणि मी खाली लिहिलं, "छान आहे, पण ही सेमी आहे हो." एवढंच. मग बाकीच्या तुटून पडल्या, पॉवरलूम आहे, जर प्लास्टिकची आहे, किती घेतले, फसवलं तुम्हाला. काकूंनी रात्री फोटो काढून टाकला आणि नंतर ग्रुप पण सोडला. माझं म्हणणं चूक नव्हतं, आणि तरी मी ते काहून लिहिलं हे मला आजही नीट सांगता येत नाही. ज्ञान दाखवायचं होतं, अजून काय. काकूंनी तर विचारलंच नव्हतं.

तर विचारलेल्या माणसासाठी: दुकानात "सेमी" म्हणजे साधारणपणे धागा शुद्ध रेशमाचा नाही, मिक्स किंवा आर्ट सिल्क म्हणजे कृत्रिम रेशीम, आणि विणकाम पॉवरलूमवर जॅकार्ड (नक्षी काढणारं यंत्र) लावून. हातमागाच्या पैठणीत मोराचा प्रत्येक रंग वेगळ्या छोट्या कांडीने, जागच्या जागी गुंतवून विणतात, म्हणून पदर उलटा केला तरी मोर जवळपास तसाच दिसतो. सेमीत मागे धागे लोंबतात, किंवा कापून टाकलेले असतात आणि जोडवी अडकतात, किंवा जाळी लावून झाकलेले. काठ पाहा, नंतर पदर पाहा, दोन्ही उलटे करून. कडेचा एक धागा ओढून जाळून पाहा, रेशीम केस जळाल्यासारखं वासतं आणि राख बोटाने चुरते, पॉलिस्टरचा काळा कडक मणी होतो. दुकानदार नाही म्हणाला तर तेच उत्तर समजायचं.

आणि खुणांचा घोळ. सिल्क मार्क म्हणजे रेशीम शुद्ध आहे एवढंच, हाताने विणलं याची ती ग्वाही नाही. हँडलूम मार्क म्हणजे हातमागावर विणलंय, त्यात रेशीमच असेल असं नाही. जीआय (भौगोलिक मानांकन) म्हणजे त्या भागाची, त्या पद्धतीची. आम्हाला एक जण सिल्क मार्क दाखवून "प्युअर हँडलूम" म्हणून पॉवरलूमची साडी १८ हजारांना लावत होता, आणि तो सिल्क मार्क खरा होता! फसवणूक ती. साडेचार हजारात सेमी म्हणून सेमी घेतली तर त्यात कोणी कोणाला फसवलं नाही. रंग चकचकीत, फोटोत मस्त, घरी धुतली तरी चालते (पहिल्यांदा वेगळी धुवा), सांडलं तर जीव जात नाही. ज्या जावेला वर्षभरात सहा लग्नं आणि दोन डोहाळजेवणं आहेत तिने डोळे मिटून घ्यावी. फक्त मे महिन्यात ही पण गरम होते, लेहंग्याइतकी नाही.

करवतकाठीबद्दल मी जरा पक्षपाती आहे, आधीच सांगते. कोसा आपल्याच जंगलातला, भंडारा-गडचिरोलीकडे ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर किडे पाळतात, ढिवर लोकांचं हे पिढ्यांचं काम. विणकाम भंडाऱ्याकडे आंधळगाव वगैरे, आणि नागपुरातल्या कोष्टी वस्त्यांत एके काळी माग घरोघर होते. तीन धोटे (आडवा धागा नेणारे) लागतात, दोन काठांचे दोन आणि मधल्या अंगाचा एक, आणि जिथे काठ अंगाला भेटतो तिथे धागे एकमेकांत अडकवत जातात. त्या जोडावर करवतीचे दात उठतात. यामुळेच काठाचा रंग निखळ राहतो. नकली करवतीत एकच धागा या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो, मग लाल काठात अंगाचा रंग मिसळून तो मळकट दिसतो. हो, करवतीची पण नक्कल निघते, दात नुसते छापलेले सुद्धा पाहिले.

तोटे लपवत नाही. चमक कमी, जरतार जवळजवळ नाही, लॉनच्या पिवळ्या लाइटमध्ये फोटो साधा येतो. अंगाला सुरुवातीला खरबरीत, चुरगळते, निऱ्या एकदा बसवल्या की बसून उठेपर्यंत गेल्या. ब्लाउजपीस कधी असतो कधी नाही. होणाऱ्या सासूबाई पुण्याच्या असतील तर "ही कॉटनची आहे का" विचारू शकतात, आमच्याकडे विचारलं. पण हवा खेळते, आणि मे महिन्यात बसल्या बसल्या घाम पुसत राहण्यापेक्षा मला तरी ते मोठं वाटतं. आईची १९८४ ची करवत मी अजून नेसते, काठ तसाच लालभडक.

कोल्हापुरीचं झालं ना जून २०२५ मध्ये, प्राडा या इटलीच्या महागड्या ब्रँडने मिलानच्या शोमध्ये तशीच चप्पल दाखवली, नाव कुठे नाही, ओरडा झाल्यावर कबूल केलं. २०१९ पासून जीआय असलेली चप्पल. तेव्हा घराघरात लोक चिडले होते, आणि त्याच आठवड्यात माझ्या भाचीच्या मैत्रिणीने प्राडाची फर्स्ट कॉपी बॅग मागवली. मी काही बोलले नाही, मागच्या वेळचं लक्षात होतं.

तर निवड. फोटो हेच मुख्य असेल, हॉल एसी असेल, हिवाळा असेल, तर लेहंगा, पण विकत नाही, भाड्याने. सदर-धरमपेठेत तीन ते पाच हजारात मिळतो, डिपॉझिट वेगळं, आणि डाग पडला तर किती कापणार हे बिलावर लिहून घ्या. खूप वेळा नेसायची असेल आणि पैसे मोजके असतील तर सेमी, सेमीच्या भावात. उन्हाळा असेल आणि पुढे वीस वर्षं ठेवायची असेल तर करवत.

आमच्या पोट्टीने करवत घेतली, आणि संगीतासाठी लेहंगा भाड्याने, साडेतीन हजार. २५ हजारातून ७५०० उरले, त्यात दोन ब्लाउज, फॉल-पिको आणि केसांवाली. करवत घेणार असाल तर एक करा, फॉल लावायच्या आधी तो पाण्यातून काढून वाळवा, नाहीतर पहिल्याच धुण्यात फॉल आटतो आणि खालचा काठ गोळा होतो. आणि टेलरकडे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात टाका, नंतर नागपुरात कोणी हो म्हणत नाही.