देवराई, सडा आणि पाणवठा नकाशावर कसे आणावेत? तीन पद्धतींची तुलना

सह्याद्रीतील एखाद्या गावाच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला लोकजैवविविधता नोंदवही (गावातील जीवसृष्टी आणि तिच्याविषयीचे लोकज्ञान यांची नोंद) तयार करताना झाडे, पक्षी आणि औषधी वनस्पती यांची यादी तुलनेने लवकर जमते. अडचण येते ती देवीच्या नावाने राखलेली राय म्हणजे देवराई, पालखीची वाट किंवा गुरे बसण्याचा सडा (उघडे कातळपठार) यांचे लोकांच्या मनातील मोल नकाशावर उतरवताना. त्यासाठी प्रचलित असलेल्या तीन पद्धती आपापल्या परीने उपयुक्त आहेत, परंतु त्या एकच गोष्ट मोजत नाहीत.

सर्वांत स्वस्त पद्धत समाजमाध्यमांवरील छायाचित्रांची आहे. निसर्गापासून मिळणाऱ्या लाभांचे मोजमाप करणाऱ्या ‘इन्व्हेस्ट’ या संगणकप्रणालीत ‘फ्लिकर’ या छायाचित्रांच्या संकेतस्थळावरील स्थाननोंद असलेली छायाचित्रे वापरली जातात, आणि एका व्यक्तीने एका दिवशी एका जागी कितीही छायाचित्रे काढली तरी ती एकच भेट धरली जाते. 2012 मध्ये जागतिक वारसा यादीत आलेल्या कास पठारासारख्या ठिकाणी, जिथे ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात फुले पाहायला गर्दी लोटते, तिथे ही मोजणी पर्यटनाच्या ताणाचा चांगला अंदाज देते. मात्र ज्या राईत गावकरी पायताण काढून जातात, तिथे कॅमेरा काढणे अनेकांना रुचत नाही, आणि ती जागा नकाशावर कोरी राहते. कोरी जागा म्हणजे बिनमोलाची जागा असा अर्थ पुढे कोणी लावला, तर नुकसान त्या राईचेच होईल.

दुसरी पद्धत प्रश्नावलीची आहे. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने विकसित केलेल्या ‘सॉल्व्हेस’ या साधनाच्या कोलोरॅडोतील वनक्षेत्रांवरील सुरुवातीच्या वापरात उत्तरदात्यांनी सौंदर्य, इतिहास, अध्यात्म, विरंगुळा अशा 12 मूल्यांमध्ये ठरावीक रक्कम काल्पनिकरीत्या वाटायची आणि त्या त्या मूल्याच्या जागा नकाशावर टिंबांनी दाखवायच्या, अशी रचना होती. निरनिराळ्या गटांच्या उत्तरांची तुलना करायची असेल तर ही शिस्त मोलाची ठरते. तरीही देवराईच्या बाबतीत मला ती दोन ठिकाणी अपुरी वाटते. वाघजाईने गुरे राखावीत म्हणून नवस बोलणारी आणि तिच्याच राईतल्या झऱ्याचे पाणी भरणारी बाई आपले उत्तर कोणत्या रकान्यात घालणार? शिवाय हे साधन मिळालेल्या टिंबांवरून उतार, उंची, पाण्यापासूनचे अंतर अशा गुणांच्या आधारे इतर जागांचेही मोल वर्तवते. देवराईचे मोल मात्र तिच्या उतारात नसून देवतेत आणि पिढ्यान्‌पिढ्या पाळलेल्या मर्यादेत असते. शेजारचे जंगल हुबेहूब तसेच दिसत असले, तरी त्यात ते असेलच असे नाही.

तिसरी पद्धत गावबैठकीची आहे, आणि अशा कामासाठी माझा कौल स्पष्टपणे तिच्या बाजूने आहे. आधी आधारनकाशाचे प्रमाण नीट ठरवावे लागते. 1:50,000 प्रमाणाच्या स्थलदर्शक नकाशावर 1 एकराची चौरस राई जेमतेम सव्वा मिलिमीटरची दिसते, म्हणजे पेन्सिलीच्या टिंबाखाली पुरती झाकली जाते. म्हणून गट क्रमांक असलेला गावनकाशा घ्यावा आणि बैठकीनंतर जाणत्या माणसांबरोबर चालत जाऊन जागांची जीपीएसने खात्री करावी. एकाच बैठकीत मानकऱ्यांचाच आवाज ऐकू येतो, त्यामुळे बायकांची आणि धनगरवाड्याची बैठक वेगळी घ्यावी, कारण पाणवठे, सरपणाच्या वाटा आणि चराईच्या जागा त्यांच्या रोजच्या माहितीतल्या असतात. कोकणात काम असेल तर चाकरमानी गावी येतात त्या शिमग्याच्या दिवसांत एक बैठक ठेवावी. या पद्धतीला वेळ फार लागतो आणि तिच्यातून तालुक्या-तालुक्यांची तुलना करता येईल असे आकडे मिळत नाहीत, ही तिची खरी मर्यादा आहे.

तेव्हा एका गावाची नोंदवही किंवा सामूहिक वनहक्काचा दावा समोर असेल, तर गावबैठक पुरेशी आहे. गावालगत पर्यटकांची वर्दळ असलेले पठार असेल, तर तेवढ्याच भागासाठी छायाचित्रांच्या मोजणीची जोड द्यावी. अनेक गावांची तुलनाच हवी असेल, तर प्रश्नावली मराठीत नव्याने बेतून, रकाने लोकांच्या बोलीतून ठरवून वापरावी, परंतु न विचारलेल्या जागांबद्दलचे तिचे भाकीत अहवालात घेऊ नये. कोणतीही पद्धत निवडली तरी नकाशाच्या दोन प्रती असाव्यात: तपशिलाची प्रत ग्रामसभेकडे राहावी, आणि बाहेर द्यायच्या प्रतीत कोणत्या जागा दाखवायच्या हे ग्रामसभेनेच ठरवावे.